राज्य सरकारपुढे आयटी उद्योगाच्या मागण्या : निवेदन कधी, कोणाकडे आणि कसे द्यावे

अर्थसंकल्पाला आठ-दहा दिवस उरले की गोव्यातल्या छोट्या आयटी कंपन्यांचे फोन सुरू होतात. "उद्या मंत्र्यांची वेळ मिळाली आहे, निवेदनाचा मसुदा तेवढा बघून द्या." मसुद्यात वीस-बावीस मागण्या असतात. त्यातल्या निम्म्या केंद्राच्या अखत्यारीतल्या, चार-पाच आधीच कायद्यात असलेल्या, आणि उरलेल्यांना खर्च किती येईल याचा पत्ता नाही. दुखणे खरे असते. विजेचा खोळंबा, थकलेली सरकारी बिले, शिकलेल्या मुलांनी पुण्या-बंगळुरूची वाट धरणे, यातले काहीच खोटे नाही. पण ते ज्या रूपात कागदावर येते त्यावर कोणताही अधिकारी टिपणी लिहू शकत नाही, आणि टिपणी नसली की फाईल हलत नाही.

पुढची पद्धत पाच ते पन्नास माणसांच्या कंपन्यांनी एकत्र येऊन, गट करून वापरायची आहे. मग त्या वेर्ण्याच्या वसाहतीत असोत की फोंड्यातल्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला पगारी माणसे असतात. तुम्हाला ते आपल्या धंद्यातून वेळ काढून करायचे आहे. चार ते सहा महिने धरून चला.

## टप्पा १ : तारखा आधी ठरवा

अर्थसंकल्पाच्या दिवसापासून मागे मोजायची सवय सोडा. गोव्याचा अर्थसंकल्प २०२४ मध्ये ८ फेब्रुवारीला मांडला गेला, २०२५ मध्ये २६ मार्चला. दीड महिन्याचा फरक. शिवाय त्या दिवशी सभागृहात जे वाचले जाते त्याचे आकडे खात्यांनी वित्त खात्याला कितीतरी आधी पाठवलेले असतात. अर्थसंकल्पाच्या तोंडावर दिलेल्या निवेदनाला त्या वर्षी उशीर झालेला असतो, आणि पुढच्या वर्षापर्यंत ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

सुरुवात पावसाळी अधिवेशनाच्या सुमारास, जुलै-ऑगस्टमध्ये करा. त्या अधिवेशनात आमदारांच्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे टप्पा ४ मध्ये कामाला येतात. चवथीचे दिवस सोडून द्या, त्या काळात कोणी हाती लागत नाही. त्यानंतर घटना गोळा करा, ऑक्टोबरअखेर मसुदा पुरा करा आणि नोव्हेंबरात निवेदन खात्याच्या हाती पडू द्या.

सावधान : निवडणुकीच्या वर्षी हे सगळे दोन महिने अलीकडे ओढा. १४ फेब्रुवारी २०२२ च्या विधानसभा मतदानासाठी आचारसंहिता ८ जानेवारीलाच लागली होती. आचारसंहिता लागू असताना नव्या सवलती जाहीर करता येत नाहीत, आणि नंतर येणाऱ्या सरकारपुढे तुमचा विषय पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

## टप्पा २ : मागण्या नंतर, घटना आधी

बैठक बोलावून "तुमच्या मागण्या सांगा" म्हटले की लोक वर्तमानपत्रात वाचलेल्या मागण्या सांगतात. त्याऐवजी प्रत्येक कंपनीच्या हाती एक कोरा कागद द्या आणि एकच विचारा : गेल्या सहा महिन्यांत सरकारशी संबंध असलेल्या कोणत्या गोष्टीने तुमचे काम अडले? तारीख, खाते, वाया गेलेले दिवस, बुडालेले पैसे. मते या कागदावर नकोत.

विजेसाठी तीन महिने वही ठेवा : वीज गेली कधी, आली कधी, आधी सूचना होती का, जनरेटरला डिझेल किती लागले. "वीज सारखी जाते" या वाक्याला वीज खाते "देखभालीचे काम चालू आहे" एवढेच उत्तर देईल. वही समोर ठेवली की बोलणे एका फीडरवर आणि एका ट्रान्सफॉर्मरवर येते, आणि तिथे अभियंत्याला प्रत्यक्ष काहीतरी करता येते.

एक घटना उदाहरण म्हणून शेवटपर्यंत बरोबर घेऊ. एका कंपनीने सरकारी कार्यालयाला सॉफ्टवेअर करून दिले. कर्मचारी ते रोज वापरू लागले. पण काम स्वीकारल्याच्या कागदावर सही कोणी करीना, आणि सही नाही म्हणून बिल पुढे जाईना. सरकारी काम केलेल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगले आहे.

तपासा : कागदावर तारीख आणि खात्याचे नाव नसेल तर ती घटना बाजूला काढा, कितीही महत्त्वाची वाटली तरी.

## टप्पा ३ : अधिकार कोणाचा?

सर्वात जास्त निवेदने इथेच वाया जातात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नका. घटनांचे कागद टेबलावर पसरा आणि चार गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा केंद्राचा. आयकर, माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३, दूरसंचार परवाने यांत राज्याला बदल करता येत नाही. जीएसटीचे दर परिषदेत ठरतात. तिथे गोव्याचा एक सदस्य बसतो, म्हणून "हा मुद्दा परिषदेत मांडावा" एवढीच मागणी राज्याकडे करता येते. "दर कमी करावा" असे लिहिले की तुम्हाला व्यवस्था माहीत नाही एवढेच समोरच्याला कळते.

दुसरा गठ्ठा नियामकाचा. गोव्यात वीज पुरवते सरकारचे वीज खाते, पण दर ठरवतो संयुक्त वीज नियामक आयोग. खाते याचिका दाखल करते, जाहीर सूचना निघते, लेखी हरकती मागवल्या जातात, गोव्यात जनसुनावणी होते आणि वीज कायदा २००३ प्रमाणे याचिका दाखल झाल्यापासून १२० दिवसांत आदेश येतो. आयटी कंपनीला कोणत्या वर्गवारीचा दर लागावा, हा वाद त्या सुनावणीत मांडायचा असतो. वर्षानुवर्षे लोक तो मंत्र्यांच्या दालनात मांडतात, आणि सुनावणीला मात्र आयटीतला एखादाही माणूस दिसत नाही. वर्षाच्या शेवटापासून वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांवर लक्ष ठेवण्याचे काम एका व्यक्तीला नेमून द्या.

तिसरा गठ्ठा स्थानिक संस्थांचा. गोव्यात १९१ पंचायती आहेत. व्यवसाय परवाना, बांधकाम परवाना, रस्ता खोदून केबल टाकायची परवानगी, सगळ्यांची वाट पंचायतीतून किंवा पालिकेतून जाते. केबलच्या बाबतीत नियम केंद्राचे आहेत (दूरसंचार कायदा २०२३ खालचे मार्गाधिकार, म्हणजे राइट ऑफ वे, नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत), पण प्रत्यक्ष परवानगी इथलेच कार्यालय देते. म्हणून राज्याकडे मागायचे ते एकच अर्ज, एकच मुदत आणि पावसाळ्यापूर्वी रस्ता बुजवण्याचे वेळापत्रक. नवा नियम मागून उपयोग नाही.

चौथा गठ्ठा खऱ्या अर्थाने राज्याचा : सरकारी खरेदीच्या अटी, बिले चुकती करण्याची शिस्त, औद्योगिक वसाहतींतले भूखंड आणि गाळे, स्टार्टअप व आयटी धोरणांतल्या सवलती, राज्याचे ब्रॉडबँड जाळे, तंत्रशिक्षण. निवेदन याच गठ्ठ्यातून लिहायचे आहे.

जमिनीबद्दल थोडे सविस्तर. आयटी पार्कची मागणी जवळपास प्रत्येक निवेदनात असते. दोनापावलचा आयटी हॅबिटॅट स्थानिकांच्या विरोधानंतर बारगळला, चिंबलच्या प्रकल्पालाही गावातून विरोध झाला. लोकांना जमीन, पाणी आणि डोंगर यांची काळजी आहे आणि ती रास्त आहे. पंधरा माणसांच्या कंपनीला शंभर एकर लागत नाहीत. तीन हजार चौरस फुटांचा तयार गाळा, दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर जोडणी आणि बसची सोय लागते. असलेल्या वसाहतींतले रिकामे गाळे आयटीला भाड्याने देण्याची वाट मागितली तर गावाशी भांडण होत नाही. ही मागणी गोवा औद्योगिक विकास महामंडळाकडे जाते, आयटी खात्याकडे नाही.

तपासा : प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ज्या अधिकाऱ्याच्या सहीने प्रश्न सुटेल त्याचे पद लिहा. पद लिहिता येत नसेल तर गठ्ठा अजून ठरलेला नाही.

## टप्पा ४ : आधीच काय आहे ते वाचा

आमच्या गटाच्या पहिल्या निवेदनात "लघुउद्योगांची बिले ४५ दिवसांत देण्याचा कायदा करावा" अशी मागणी होती. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे कपाटातून २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा काढून दाखवला. कलम १५ मध्ये ते आधीच लिहिलेले होते. उरलेल्या मागण्यांवर त्या दिवशी बोलणेच झाले नाही.

वाचताना तीन थर वेगळे ठेवा : धोरण, योजना, तरतूद. धोरणात सवलत लिहिलेली असते. योजनेत अर्जाचा नमुना, पात्रता आणि मंजुरी देणारा अधिकारी ठरतो. ती राजपत्रात निघावी लागते. तरतूद म्हणजे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात त्या योजनेच्या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, ठेवलेले पैसे. तिन्ही थर असतील तरच पैसे मिळतात. मागणी कोणत्या थरासाठी आहे हे न लिहिल्यामुळे "हे तर धोरणात आहेच" असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो.

गोव्याचे स्टार्टअप धोरण २०१७ मध्ये आले, मग २०२१ चे, मग २०२५ चे. आयटी धोरण २०१८ चे. जुन्या धोरणातले कलम नव्या निवेदनात टाकणे ही हमखास होणारी चूक आहे. गोव्याचे राजपत्र दर गुरुवारी निघते. अधिसूचना आणि नियम मालिका १ मध्ये सापडतात. तुम्ही उद्धृत करत असलेल्या प्रत्येक कलमाची राजपत्रातली प्रत जवळ ठेवा. वर्तमानपत्राचे कात्रण पुरत नाही.

पैसे खरोखर किती खर्च झाले हे शोधायला दोन वाटा आहेत. विधानसभेच्या संकेतस्थळावर आमदारांच्या प्रश्नांची उत्तरे, म्हणजे ज्याला आपण सगळे एलएक्यू म्हणतो ती, जोडपत्रांसकट असतात. तिथे नसेल तर माहितीचा अधिकार : दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, ते न आल्यास पहिले अपील. अर्जात "का" विचारू नका, दस्तऐवज मागा. "स्टार्टअपना मदत का मिळत नाही?" याला उत्तर द्यायला कायदा बांधील नाही. "मागच्या आर्थिक वर्षात अमुक योजनेखाली आलेले अर्ज, मंजूर अर्ज, दिलेली रक्कम आणि नामंजुरीची लेखी कारणे" याला आहे.

आपल्या उदाहरणाकडे येऊ. २००६ च्या कायद्यात सेवा पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असे मानले जाते. म्हणजे सही अडवून बिल अडवण्याला कायद्याचा आधारच नाही. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि वाद राज्याच्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, नेता येतो. आता मागणी आपोआप लहान आणि नेमकी होते : काम पोचल्याच्या तारखेची नोंद कार्यालयांनी ठेवावी, एवढे एक परिपत्रक.

सावधान : या कायद्याचा आधार घेणाऱ्या कंपनीची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून केंद्राकडे होणारी नोंदणी) काम हाती घेण्याच्या आधीची असावी. निवेदनात अशीच उदाहरणे घ्या. नंतर नोंदणी केलेले एक उदाहरण घुसले तर पूर्ण मुद्दा लंगडा पडतो.

## टप्पा ५ : तीनच मागण्या ठेवा

हा टप्पा सगळ्यात कठीण जातो, कारण प्रत्येकाला आपली मागणी यादीत हवी असते. सरकारी निर्णयाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे ठेवल्या की निवड सोपी होते : परिपत्रक, मग अधिसूचना किंवा नियमबदल, मग मंत्रिमंडळाचा निर्णय, मग कायद्यात दुरुस्ती. पायरी चढत जाईल तसा वेळ वाढतो. माझा सल्ला : एक मागणी परिपत्रकाने सुटणारी, एक थोड्या पैशांची योजना, आणि एक लांब पल्ल्याची. पहिली मंजूर झाली की गटात जीव येतो आणि दुसऱ्या बैठकीलाही माणसे येतात.

परिपत्रकाने सुटण्याजोगी आणखी एक मागणी म्हणजे सरकारी निविदांतल्या उलाढालीच्या आणि अनुभवाच्या अटी. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पाळले जात असतील तर, स्टार्टअपना या अटी शिथिल करण्याची सोय आहे. तेच शब्द राज्याच्या निविदांसाठी मागा. नवी भाषा घडवू नका; केंद्राने स्वीकारलेली भाषा वित्त खात्याला पटकन पटते.

स्थानिकांना नोकऱ्या हा विषय निघणारच, आणि तो आपणच प्रामाणिकपणे काढावा. मात्र "अमुक टक्के जागा गोमंतकीयांना देऊ, कायदा करा" असे लिहून देऊ नका. हरियाणाचा खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी रद्द केला. स्थानिक भरतीला जोडलेली सवलत मागणे वेगळे आणि टिकणारे. आणि "इथे मुले मिळत नाहीत" असे लिहायचे असेल तर आपण सुरुवातीला पगार किती देतो तेही लिहा. फर्मागुडी, वेर्णा, फातोर्डा, शिरोडा इथल्या महाविद्यालयांतून दर वर्षी अभियंते बाहेर पडतात. त्यांच्या आई-वडिलांनाही निवेदन वाचून पटले पाहिजे.

## टप्पा ६ : खर्चाचा हिशेब तुम्हीच करा

पैसे लागणाऱ्या मागणीचा हिशेब उघडा मांडा. समजा, प्रशिक्षणार्थी मुलांच्या विद्यावेतनातला महिना ५,००० रुपयांचा वाटा सरकारने उचलावा अशी मागणी आहे. तुमच्या गटात १२ कंपन्या, प्रत्येकी दोन मुले, दहा महिने : १२ लाख रुपये. वित्त खाते लगेच विचारेल की उद्या सगळ्यांनीच मागितले तर? त्याचेही उत्तर आधीच द्या : १०० कंपन्यांपर्यंत मर्यादा ठेवली तर एक कोटी. वरची मर्यादा स्वतःहून लिहिलेले निवेदन क्वचितच दिसते, आणि म्हणूनच ते उठून दिसते.

तपासा : बिनखर्चाच्या मागणीपुढेही "खर्च : नाही" असे स्पष्ट लिहिले आहे का?

## टप्पा ७ : दोन पानांचे निवेदन

विषय, संदर्भ, तीन मागण्या, प्रत्येकीखाली चार ओळी : अडचण, सध्याचा नियम, हवा असलेला बदल, खर्च. कौतुकाचे परिच्छेद नकोत. बाकी सगळे जोडपत्रांत.

मागणीचे वाक्य असे असावे की अधिकाऱ्याला ते जसेच्या तसे टिपणीत उतरवता यावे. "सरकारी बिलांबाबत सकारात्मक विचार व्हावा" यातून काहीच उतरत नाही. हे बघा : "सर्व खात्यांनी सॉफ्टवेअर सेवा मिळाल्याच्या तारखेची लेखी पोच द्यावी व हरकत असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावी, असे परिपत्रक वित्त खात्याने काढावे." यात कोणी, काय, किती दिवसांत, सगळे आले.

भाषेबद्दल पुष्कळजण विचारतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामात मराठीच्या वापरालाही मुभा आहे. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचे सरकारचे धोरण आहे. तेव्हा निवेदन निःसंकोच मराठीत द्या. फाईलवरची टिपणी मात्र बहुधा इंग्रजीत लिहिली जाते, म्हणून मागण्यांचे एक पान इंग्रजीतही जोडा. अधिकाऱ्याचे भाषांतराचे काम वाचले की अर्थाचा घोळही टळतो.

गट नोंदणीकृत नसेल तर प्रत्येक कंपनीच्या लेटरहेडवर सहमतीचे सहीचे पत्र लावा. नुसत्या नावांच्या यादीला वजन नसते.

## टप्पा ८ : कुठे द्यायचे, कोणत्या क्रमाने

सगळे उलट करतात : आधी मंत्री, फोटो, बातमी, आणि मग खाते. आमच्याही एका निवेदनाचा फोटो छापून आला होता. दोन महिन्यांनी चौकशीला गेलो तर त्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत ते निवेदन नव्हतेच. पुन्हा पहिल्यापासून.

क्रम असा ठेवा. आधी विषय हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला भेटून मसुदा दाखवा आणि त्यांच्या शंका लिहून घ्या. त्यातून एखादी तरी चूक सापडतेच. मग खात्याच्या संचालकांकडे अधिकृत प्रत, मग पर्वरीच्या सचिवालयात सचिवांकडे, आणि शेवटी मंत्र्यांकडे. मंत्र्यांच्या प्रतीवर आधीच्या आवक क्रमांकांचा उल्लेख असू द्या, म्हणजे तिथून "कार्यवाही करावी" असा शेरा पडला की तो आधी उघडलेल्या फाईलवर जाऊन बसतो.

आयटीच्या विषयात दोन घरे एक समजू नका. धोरण ठरवते माहिती तंत्रज्ञान खाते, आणि त्याचाच स्टार्टअप कक्ष सवलतींचे अर्ज पाहतो. इन्फो टेक कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ कामे राबवते. धोरणबदलाची मागणी तिथे देऊन उपयोग नाही. बिलांचा आणि सुविधा परिषदेचा विषय उद्योग संचालनालयाशी जोडलेला आहे, म्हणून एक प्रत तिथे.

१९०८ पासून चालत आलेला गोवा चेंबर ऑफ कॉमर्स, गोवा स्टेट इंडस्ट्रीज असोसिएशन आणि गोवा टेक्नॉलॉजी असोसिएशन यांनाही प्रत द्या. त्यांच्या अर्थसंकल्पपूर्व मागण्यांत तुमची एक ओळ जरी आली तरी खात्याला तोच मुद्दा दोन बाजूंनी ऐकू येतो.

भेटीत दोघांनीच बोलावे, पंधरा मिनिटांत आटपावे. त्याच संध्याकाळी "आज ठरले ते असे" अशी चार ओळींची ईमेल पाठवा.

तपासा : प्रत्येक प्रतीवर तारखेसह आवक शिक्का आणि क्रमांक. तो मिळाल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

## टप्पा ९ : पाठपुरावा

पंधरा दिवसांनी फोन, महिन्याने पत्र. दोन महिन्यांत हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात फाईलवरच्या टिपणीची प्रत मागा. त्यातून विषय कुठे आणि का अडला ते कळते, आणि नेमक्या त्याच शंकेचे उत्तर देणारे एक पान पुढच्या पत्राला जोडता येते. विषय मंत्रिमंडळापुढे गेला असेल तर निर्णय होईपर्यंत ती कागदपत्रे मिळणार नाहीत, तेव्हा थांबा. आमदाराकडे गेलात तर भाषणाची विनंती करू नका, तयार एलएक्यू द्या. सभागृहातल्या लेखी उत्तरासाठी खात्याला फाईल उघडावीच लागते. आमदार सत्तेतला की विरोधातला याने प्रश्नाच्या नेमकेपणात फरक पडत नाही.

अर्थसंकल्पाच्या भाषणात तुमची मागणी ऐकू आली तरी पेढे वाटण्याआधी अर्थसंकल्पाच्या अनुदान मागण्यांच्या पुस्तकात त्या शीर्षापुढचा आकडा बघा. मग अधिसूचनेची वाट पाहा, आणि ती आली की तीन ओळी आधी वाचा : पात्र कंपनीची व्याख्या, लागू होण्याची तारीख, मंजुरी देणाऱ्याचे पद. व्याख्येतला एखादा शब्द तुमच्या निम्म्या गटाला बाहेर ठेवू शकतो. मसुदा अधिसूचना असेल तर हरकतींची मुदत त्यातच छापलेली असते. त्या दिवसांत लेखी हरकत द्या, पुन्हा आवक शिक्क्यासह.

योजना सुरू झाली की तुमच्या गटातले पहिले अर्ज पहिल्याच महिन्यात गेले पाहिजेत, सगळी कागदपत्रे जोडून. ३१ मार्चपर्यंत पैसे पडून राहिले तर पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते, आणि ती पुन्हा मिळवायला याच टप्प्यांवरून परत चालावे लागते.